पुंगळी उभी अडकते: एका जुन्या ७.६५ पिस्तुलाचं प्रकरण

तक्रार एका ओळीत सांगण्यासारखी होती. गोळी सुटते, नेमही बरा लागतो, पण रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, बाहेर पडायच्या ऐवजी स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) फटीत उभी राहते आणि पिस्तूल तिथेच थांबतं. दर वेळी नाही. कधी तिसऱ्या गोळीला, कधी पहिल्याच, कधी अख्खं मॅगझिन बिनबोभाट रिकामं होतं. मालक करवीर तालुक्यातले ऊसउत्पादक शेतकरी, पिस्तूल आजोबांच्या काळातलं, परवाना आता यांच्या नावावर. दुकानात आल्या आल्या म्हणाले, "मिस्त्री, गोळी सुटती बगा, पर पुंगळी भाईर पडत न्हाई. स्प्रिंग बदलून झाली, तरी त्येच."

"स्प्रिंग बदलून झाली" हे मी कामाच्या वहीत सगळ्यात वर लिहून घेतलं. दुरुस्तीला आलेल्या हत्यारावर आधी कुणी काय केलंय, हे मूळ बिघाडाइतकंच महत्त्वाचं असतं. या प्रकरणात तर ते जास्तच महत्त्वाचं निघालं.

पिस्तूल युरोपियन बनावटीचं, लहान चणीचं, आपल्याकडे ज्याला नुसतं 'बत्तीस बोअर' म्हणतात ते. इथे एक गोष्ट आधी स्पष्ट केलेली बरी. आपल्याकडे बत्तीस बोअर या नावाखाली दोन वेगळी काडतुसं चालतात. एक रिव्हॉल्व्हरचं लांब काडतूस, आणि दुसरं पिस्तुलाचं आखूड, ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग. ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पिस्तुलाचं काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास बेल्जियममधल्या एफएन कारखान्यासाठी आखलं. पुंगळी साधारण १७ मिलिमीटर लांब, पूर्ण काडतूस २५ मिलिमीटर, गोळी ७१ ते ७३ ग्रेन (सुमारे ४.६ ते ४.७ ग्रॅम) वजनाची. बुडाची कड पुंगळीच्या अंगापेक्षा किंचित रुंद असते, म्हणून याला अर्धकडेचं काडतूस म्हणायला हरकत नाही. ही कड पुढच्या सगळ्या गोष्टीत कामाला येणार आहे.

हे काडतूस फार जोराचं नाही, त्यामुळे अशा पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकांना कुलूपबंद करायची गरज पडत नाही. नळी फ्रेमला घट्ट बसवलेली. तिच्याभोवती रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेली स्लाइड परत पुढे आणणारी), आणि मागचं तोंड बंद ठेवते ती फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर. बार झाला की वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो, तोच दाब पुंगळीच्या बुडातून स्लाइडला मागे ढकलतो. याला ब्लोबॅक म्हणतात. स्लाइड जड असल्यामुळे ती सावकाश हलते आणि तेवढ्यात गोळी नळीबाहेर गेलेली असते.

आता नीट पाहिलं तर ब्लोबॅक पिस्तुलात वाजलेली पुंगळी चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेतून) *ओढून* काढावी लागत नाही. ती स्वतःच मागे येते, वायू तिला ढकलत आणतो. मग एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे स्लाइडच्या उजव्या बाजूचा तो बारीक आकडा, कशाला? दोन कामांना. एक, न वाजलेलं काडतूस हाताने स्लाइड ओढून काढताना ओढायला कुणीतरी लागतं. दुसरं, मागे येणाऱ्या पुंगळीची कड स्लाइडच्या तोंडाशी धरून ठेवायला. फ्रेममध्ये डाव्या बाजूला इजेक्टर स्थिर उभा असतो. पुंगळीचं बूड डावीकडून त्याच्यावर आपटतं, उजवीकडून आकड्याने धरलेलं असतं, त्यामुळे ती दार बिजागरीवर फिरावं तशी आकड्याभोवती फिरते आणि उजवीकडच्या खिडकीतून बाहेर फेकली जाते. आकड्याने धरलंच नाही तर फिरायला आधार राहत नाही. पुंगळी येते खरी, पण कुठे जाईल याचा भरवसा नाही. खिडकीतून जाईल, उभी राहील किंवा खाली मॅगझिनच्या तोंडात पडेल.

म्हणूनच अशा पिस्तुलाचा एक्स्ट्रॅक्टर बिघडला तरी ते पुष्कळ दिवस 'चालतं'. मालकाला वाटतं थोडी कुरकुर आहे. लोक एक्स्ट्रॅक्शन (पुंगळी चेंबरबाहेर काढणं) आणि इजेक्शन (ती पिस्तुलाबाहेर फेकणं) हे एकच समजतात आणि बिघाड भलतीकडे शोधतात. माझ्या मते ब्लोबॅक पिस्तुलांच्या दुरुस्तीत जितका वेळ आणि पैसा वाया जातो, त्यातला बराचसा याच एका घोटाळ्यापायी.

सुरुवात नेहमीचीच. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबर डोळ्यांनी पाहिला, करंगळीनेही चाचपला. रिकामा. मग मालकांना विचारलं, वाजलेल्या पुंगळ्या आहेत का? परवानाधारकाला वर्षाला ठरावीकच काडतुसं मिळतात आणि पुंगळ्यांचा हिशेब विचारला जातो, त्यामुळे जुने लोक त्या टाकत नाहीत. यांनी तंबाखूच्या डबीत भरून आणल्या होत्या.

परदेशी माहिती वाचणाऱ्यांना वाटतं की अशा बिघाडावर उपाय म्हणजे रेंजवर जाऊन दोनशे गोळ्या झाडून बघायच्या. आपल्याकडे ते शक्य नाही आणि माझ्या मते गरजेचंही नाही. झाडलेली प्रत्येक पुंगळी स्वतःच्या अंगावर लिहून आणते की तिच्यावर काय काय गुदरलं. ते वाचायचं.

डबीतल्या पुंगळ्या मी टेबलावर पांढऱ्या कागदावर बूड वर करून मांडल्या आणि भिंगातून पाहिल्या. बुडावर 'केएफ'चा शिक्का, म्हणजे खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा माल; हा कारखाना १८६९ पासूनचा. बार करणाऱ्या पिनेचा खड्डा सगळ्यांवर मध्यावर आणि एकसारखा खोल. म्हणजे बार नीट होतोय. पुंगळीचं अंग कुठे फुगलेलं किंवा चिरलेलं नाही, काजळी फक्त तोंडाजवळ. म्हणजे चेंबर आणि काडतूस दोन्हींवर तूर्त संशय घ्यायचं कारण नव्हतं. पण कडेकडे लक्ष दिल्यावर चित्र बदललं. निरोगी पिस्तुलात कडेच्या आतल्या बाजूला आकड्याचा एक बारीक चकचकीत ओरखडा असतो आणि त्याच्या जवळपास समोर, बुडावर, इजेक्टरचा ठोका. या दोन खुणांमधलं अंतर सगळ्या पुंगळ्यांवर सारखं असायला हवं. इथे इजेक्टरचा ठोका होता, पण कुठे काठावर, कुठे जवळजवळ मध्याकडे, आणि निम्म्याहून जास्त पुंगळ्यांवर आकड्याचा ओरखडा मुळी नव्हताच. काहींचं तोंड अंड्यासारखं चेपलेलं; उभी अडकलेली पुंगळी बंद होणाऱ्या स्लाइडने दाबली की असं होतं.

इथेच निदान जवळजवळ झालं होतं. इजेक्टर आपलं काम करत होता, आकडा करत नव्हता. पण या पिस्तुलात आणखी एक तक्रार होती, जी मालकांनी विचारल्यावरच सांगितली: शेवटची गोळी झाडल्यावर स्लाइड मागे अडकून राहायची, ती आता राहत नाही. कधीपासून? "स्प्रिंग बदलल्यापासून."

ही खूण आकड्याशी जुळत नाही. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे राहण्यासाठी ती पूर्ण मागे पोचली पाहिजे. ती राहत नसेल तर एकतर कॅच (स्लाइड मागे अडकवणारा खटका) किंवा मॅगझिनची उचलपट्टी (काडतुसं वर ढकलणारी) बिघडलेली, नाहीतर स्लाइडची चालच अपुरी. रिकामं मॅगझिन घालून हाताने स्लाइड खेचली, तर तीही अडकायला नाखूश. मग स्प्रिंग काढून ठेवली, स्लाइड परत बसवली आणि हाताने शेवटपर्यंत मागे नेऊन फ्रेमवर मार्करची बारीक रेघ मारली. नवी स्प्रिंग घालून पुन्हा मागे नेली. स्लाइड रेघेच्या जवळपास तीन मिलिमीटर अलीकडेच थांबली, कितीही जोर लावला तरी. कारण उघड होतं. नव्या स्प्रिंगची तार जाड होती आणि वेढे जास्त होते. दाबल्यावर वेढ्यांना वेढे टेकून तिची नळीच होत होती, आणि मग ती दबणार कशी? तीन मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण अशा छोट्या पिस्तुलात स्लाइडला २५ मिलिमीटर लांबीच्या काडतुसाच्या मागे जाऊन परत यायचं असतं आणि शिल्लक जागा मुळातच फार नसते.

ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं होतं की पुंगळी अडकते म्हणजे स्प्रिंग कमकुवत झाली, जोरदार घाला. हा समज फार पसरलेला आहे आणि तो उलटा आहे. रिकॉइल स्प्रिंग कमकुवत असेल तर स्लाइड मागे *जास्त* जोरात जाते, पुंगळ्या लांब उडतात, फ्रेमवर ठोके बसतात. अडकतात सहसा तेव्हा, जेव्हा स्लाइड पुरेशी मागे जात नाही, आणि त्याचं एक कारण गरजेपेक्षा कडक स्प्रिंग हेच असतं. कमकुवत स्प्रिंग बदलावी हे खरं, पण ती स्लाइडचं आणि फ्रेमचं रक्षण करण्यासाठी, पुंगळी अडकते म्हणून नव्हे.

तर एकाच पिस्तुलात दोन बिघाड होते. मूळचा वेगळा, आणि उपाय म्हणून घातलेला वेगळा. दोघांचं दृश्य लक्षण सारखंच, उभी पुंगळी. अशा वेळी हात सैल सोडून दोन्ही एकदम दुरुस्त केले तर पिस्तूल चालू लागतं, पण कशामुळे बरं झालं हे कुणालाच कळत नाही. मालकांना मी सांगितलं, थोडी काडतुसं खर्चावी लागतील, पण एका वेळी एकच बदल करायचा. त्यांनी मान्य केलं. जुनी स्प्रिंग त्यांनी फेकली नव्हती, कागदाच्या पुडीत होती. हे त्यांनी फार चांगलं केलं.

शस्त्र कायदा १९५९ च्या पाचव्या कलमात विक्री-निर्मितीसोबत दुरुस्ती आणि चाचणी हेही परवान्याखाली येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. ओळखीच्या फिटरकडून पिस्तुलाची स्प्रिंग बदलून घेणं हे साधं घरगुती काम नाही. आणि दुकानाच्या मागच्या बाजूला 'एक बार करून बघू' हे तर मुळीच नाही. चाचणी झाली रायफल क्लबच्या रेंजवर, प्रभारींच्या परवानगीने, मालकांच्याच हातून, त्यांच्याच कोट्यातल्या काडतुसांनी. नोंदी ठेवायला मी बाजूला होतो.

पहिली फेरी जुनी स्प्रिंग घालून, आकड्याला हात न लावता. पाच गोळ्या. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे राहिली, म्हणजे चालीचा प्रश्न सुटला. पण मधली एक पुंगळी उभी अडकलीच. मग दुसरी चाचणी, जी मला सगळ्यात उपयोगी वाटते. मॅगझिनमधून एक काडतूस चेंबरमध्ये चढवायचं, मॅगझिन काढून घ्यायचं आणि ती एकच गोळी झाडायची. (काही पिस्तुलं मॅगझिनशिवाय चालत नाहीत, हे चालत होतं.) मॅगझिन जागेवर असलं की वरचं काडतूस किंवा उचलपट्टी मागे येणाऱ्या पुंगळीला खालून आधार देते आणि आकड्याची कमजोरी झाकली जाते. मॅगझिन नसेल तर पुंगळीला धरणारं आकड्याशिवाय कुणीच उरत नाही. बार झाला आणि पुंगळी खिडकीतून न जाता मुठीतून सरळ खाली, मालकांच्या बुटाजवळ पडली. त्यांनी वाकून ती उचलली आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आता कळलं."

अडकलेली पुंगळी काढतानाची शिस्त इथे सांगायलाच हवी, कारण रेंजवर घाबरून लोक चुका करतात. नळीचं तोंड लक्ष्याच्या दिशेनेच, बोट चापाबाहेर, आधी मॅगझिन काढायचं आणि मग स्लाइड ओढून पुंगळी पाडायची. पिस्तूल आडवं फिरवून खिडकीत डोकावायचं नाही. आणि एखादा बार फुसका वाटला, नेहमीपेक्षा आवाज कमी आला, तर पुढची गोळी झाडायचीच नाही. पिस्तूल रिकामं करून नळी मागून उजेडात पाहायची. गोळी नळीत अडकून राहिलेली असेल आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुगते किंवा फुटते. 'पुंगळी अडकली' म्हणून आणलेल्या पिस्तुलात खरा प्रश्न हा असू शकतो.

दुकानात परत आल्यावर स्लाइड काढली आणि तोंडाशी, आकड्याखाली, एक डमी (दारू नसलेलं) काडतूस सरकवलं. आकडा ठीक असेल तर ते तिथे चिकटून राहतं, स्लाइड हलकेच हलवली तरी पडत नाही. इथे बोट सोडताच घसरलं. आकडा बोटाने आत दाबला तर जायचा, पण परत यायचा नाही, मध्येच रेंगाळायचा. आकड्याच्या मागे एक बारीक दट्ट्या असतो आणि त्याच्यामागे इवलीशी स्प्रिंग, दोन्ही स्लाइडमधल्या बोगद्यात. काढायला गेलो तर दट्ट्या निघेना. सॉल्व्हंटमध्ये रात्रभर ठेवल्यावर सुटला, आणि त्याच्याबरोबर बोगद्यातून पिवळट-काळपट, मेणासारखा चिकट थर निघाला. त्यात पितळेची बारीक चकाकणारी कणी मिसळलेली होती. नाकाशी धरला. खोबरेल तेल.

मग बाकीची गोष्ट मालकांकडून उलगडली. लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली, त्यानंतर इतर परवानाधारकांसारखं यांनाही पिस्तूल जमा करायला सांगितलं गेलं. पावसाळ्याच्या तोंडावर हत्यार गंजू नये म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला खोबरेल तेलाने न्हाऊ घातलं होतं. जूनमध्ये परत आलं, कपाटात गेलं, ऑक्टोबरात विधानसभेच्या आचारसंहितेत पुन्हा तेल, पुन्हा जमा. दोन्ही वेळा प्रेमानेच. पण खोबरेल हे हत्याराचं तेल नव्हे. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, कोल्हापूरच्या डिसेंबरात तर सकाळी वाटीत घट्ट होतं हे आपण सगळेच पाहतो. त्याहून वाईट म्हणजे हवा लागून ते हळूहळू खवट आणि चिकट होतं, आणि धूर-काजळीबरोबर मिसळलं की त्याची लुकण होते. मोठ्या भागांवर ते पुसलं जातं. एक्स्ट्रॅक्टरच्या बोगद्यात कापड पोचत नाही, तिथे ते वर्षानुवर्षं साचतं. घरोघरी खोबरेल घालायची जुनी रीत आहे, त्यामागची काळजी मला कळते, पण ही रीत मोडलीच पाहिजे. शिलाई मशीनचं पातळ खनिज तेलसुद्धा याहून बरं. चामड्याच्या म्यानात पिस्तूल ठेवायची सवयही तशीच. चामडं ओल धरतं आणि कमावण्यातले क्षार लोखंडाला खातात. यांच्याही स्लाइडवर म्यानाच्या शिवणीच्या आकाराची गंजाची रेघ होती.

आकडा भिंगाखाली पाहिला. धार शाबूत, टवका नाही. दट्ट्याची स्प्रिंग मात्र चेपून आखूड झाली होती. माझ्याकडे याच धाटणीच्या पिस्तुलाची चांगली स्प्रिंग होती, तिच्याशेजारी ठेवली तर फरक नजरेला दिसत होता. बोगदा ब्रशने आणि सॉल्व्हंटने साफ केला, सुकवला, दट्ट्यावर तेलाचा फक्त ओलसरपणा ठेवला आणि स्प्रिंग बदलली. आकड्याला कानस लावली नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण आकड्याची धार 'थोडी तेज' करण्याचा मोह कारागिरालाही होतो, आणि एकदा धातू काढला की परत घालता येत नाही. जुन्या आयात पिस्तुलाचा मूळ आकडा मिळणंही सोपं नाही. आता डमी काडतूस आकड्याखाली सरकवलं तर स्लाइड उलटी करून हलवली तरी जागचं हललं नाही.

पुढच्या वेळी रेंजवर मॅगझिनशिवायचीच चाचणी आधी घेतली. पुंगळी उजवीकडे, खांद्याच्या किंचित मागे, दोन-अडीच मीटरवर पडली. मग भरलेलं मॅगझिन, दोनदा. एकही अडकली नाही, दोन्ही वेळा शेवटी स्लाइड मागे राहिली, आणि पुंगळ्या सतरंजीएवढ्या जागेत पडल्या. त्यांच्या बुडावर आकड्याचा ओरखडा आणि इजेक्टरचा ठोका एकमेकांपासून सारख्याच अंतरावर, एकीसारखी दुसरी. काडतुसं तीच होती, त्याच खोक्यातली. म्हणजे काडतुसांचा दोष नव्हता हे यातून पक्कं झालं.

एक काम राहिलं आहे. जुनी रिकॉइल स्प्रिंग आम्ही परत घातली खरी, पण तीही दशकांची झाली आहे आणि स्लाइड मागे जाऊन आदळते त्या फ्रेमच्या थांब्यावर ठोक्यांच्या खुणा दिसू लागल्या आहेत. योग्य मापाची, योग्य जोराची स्प्रिंग अधिकृत विक्रेत्याकडून मागवली आहे. ती आली की मार्करच्या रेघेची चाचणी पुन्हा घेऊन मगच बसवायची, असं वहीत नोंदवलं आहे. जाड तारेची ती दुसरी स्प्रिंग मालकांना परत दिली नाही. त्यांच्यासमोरच तोडून टाकली.